कॅमेऱ्याची बॅग उसवून पाहिली तेव्हा: टिकाऊ बॅग निवडण्याचं एक प्रकरण

जीपमधून बॅग उचलताना डाव्या खांद्याचा पट्टा वरच्या टोकाला निखळला आणि बॅग कमरेच्या उंचीवरून तळाच्या कोपऱ्यावर आपटली. आत २००-६०० मिमीची लेन्स कॅमेऱ्याला जोडूनच ठेवलेली होती. बाहेरून कशालाही ओरखडा नव्हता, कॅमेरा सुरू होत होता, फोकसही लागत होता. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा प्रत्येक फ्रेमची एक बाजू मऊ दिसत होती. लेन्सचा माउंट, म्हणजे ती कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते ते धातूचं कडं, अगदी किंचित तिरका झाला होता. जड लेन्स कॅमेऱ्याला जोडलेली असताना कोपरा आपटला, की सगळा हिसका त्या धातूच्या कड्यावर आणि त्याच्या चार-सहा स्क्रूंवर येतो.

बॅग साडेतीन वर्षं वापरातली. मालक पक्ष्यांचं छायाचित्रण करणारे, महिन्याचे आठ-दहा दिवस बाहेर: पाणथळ जागा, होड्या, जीपची धुळकट फळी, दिवसाला चार ते सहा किलोमीटर चाल, वर्षातून तीन-चार विमानप्रवास. नवी बॅग लगेच हवी होती आणि पहिला विचार बहुतेकांचा असतो तोच होता, या वेळी जाड कापडाची घ्यायची. ती घेण्याआधी जुनी बॅग कात्रीने उसवून पाहिली. पुढची सगळी निवड त्या उसवण्यातून ठरली.

आधी वजनकाटा

बॅगेत नेमकं किती वजन असतं याचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो, आणि तो नेहमी कमीच निघतो. इथेही ‘सात-आठ किलो’ असं सांगितलं गेलं होतं. सोनी ए७-४ चे दोन कॅमेरे बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅमचे, म्हणजे १,३१६. २००-६०० लेन्स २,११५. ७०-२०० जीएम-२ लेन्स १,०४५ आणि २४-७० जीएम-२ लेन्स ६९५. लेन्सची पोहोच वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर १६७. एनपी-एफझेड१०० च्या सहा जादा बॅटऱ्या साधारण ५००. इथवर ५.८ किलो. त्यावर हुड, ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं), फिल्टर, चार्जर, कार्डांची डबी, पुसायची फडकी असं किरकोळ सामान १ किलो. हे किरकोळ सामानच कधी कोणी मोजत नाही. लिटरभर पाणी, रेनकोट आणि फुटकळ गोष्टी दीड किलो, बाजूला बांधलेला ट्रायपॉड १.६ किलो. रिकामी बॅग २.१ किलो. एकूण बारा किलो.

बारा किलो दोन खांद्यांवर वाटले तर एका पट्ट्याला सहा. पण बॅग नेहमी एका पट्ट्याला धरून उचलली जाते, खांद्यावर झटक्याने टाकली जाते. साधा हिशोब करा. बॅग १० सेंमी मोकळी खाली आली आणि पट्टा ताणला जाऊन, फोम दबून ५ सेंमीत थांबली, तर त्या ५ सेंमीत पट्ट्यावर सरासरी तिप्पट ओढ येते, म्हणजे ३६ किलोची, आणि तीही एकाच सांध्यावर. दिवसातून वीस वेळा बॅग उचलली जात असेल, तर साडेतीन वर्षांत तो सांधा हजारो वेळा असा ओढला गेला.

उसवल्यावर काय दिसलं

कापड ६०० डेनियरचं पॉलिएस्टर होतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड, एवढंच तो सांगतो. तळाच्या दोन कोपऱ्यांवर थोडी घासट सोडली, तर हे कापड शाबूत होतं. कुठे फाटलं नव्हतं, विरलं नव्हतं. ‘जाड कापड’ हा विचार इथेच निकालात निघाला.

खरी भानगड कापडाच्या आतल्या बाजूला होती. पाणी अडवण्यासाठी तिथे पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. तो चिकट झाला होता, बोटाला पांढुरके पापुद्रे लागत होते आणि आंबूस वास येत होता. हा लेप ओलावा आणि उष्णता मिळाली, की रासायनिकरीत्या तुटत जातो. स्वस्त, पॉलिएस्टर जातीचा लेप लवकर जातो, पॉलिइथर जातीचा बराच जास्त टिकतो. वापराने तो जितका झिजत नाही तितका ओल्या बॅगेला बंद कपाटात ठेवल्याने सडतो. या बॅगेचं नेमकं तेच व्हायचं: दमट दिवसातून परत येऊन ती सरळ कपाटात जायची.

लेप गेला तर फक्त पाणी झिरपेल, असं वाटतं. प्रत्यक्षात लेप आणखी एक काम करत असतो. कापडाची कापलेली कड तो धरून ठेवतो, धागे सुटू देत नाही. पट्ट्याचं वरचं टोक पाठीच्या भागाच्या आणि माथ्याच्या शिवणीत, दोन कापडांच्या मध्ये दाबून एकेरी टीप मारलेली होती. टिपेच्या पलीकडे जेमतेम ६-७ मिमी कापड शिल्लक, वरून पायपिंगची पट्टी. पायपिंग उसवलं तर आत कापडाच्या कडेचा नुसता झुपका झाला होता. शिवणीचा दोरा धडधाकट, पट्टी धडधाकट, कापडही धडधाकट. कडेचे धागे मात्र टाक्यांखालून एकेक करून सरकत बाहेर आले होते आणि शेवटच्या हिसक्याला राहिलेलं सगळं एकदम निसटलं. उजवी बाजूही त्याच वाटेवर होती. तिथे शिवणीजवळचा पट्टा ओढला, की टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसत होती. लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे: गोल भोकं लांबट झाली, की सांध्याचे दिवस भरले.

मुख्य चेनचा रनर, म्हणजे दातांवरून सरकणारा भाग, झिजलेला होता. चेन लावल्यावर रनरच्या मागे दात उघडत होते. असं झालं की लोक अख्खी चेन बदलतात, पण कॉइलचे, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याचे, दात सहसा ठीक असतात. रनरची आतली वाट वाळूने घासून रुंद झालेली असते. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या, की महिना-दोन महिने काम चालतं. पक्का उपाय म्हणजे त्याच क्रमांकाचा नवा रनर.

आणि तळाचा फोम. १० मिमीचा असावा तो कोपऱ्यात ४ मिमी उरला होता. मोकळ्या छिद्रांचा, स्पंजसारखा फोम रोजच्या वजनाखाली कायमचा बसतो. वरून अस्तर असल्यामुळे ते दिसत नाही. बॅग आपटली तेव्हा कॅमेरा आणि जमीन यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नव्हतं.

नव्या बॅगेकडून काय हवं

उसवण्यातून निघालेली यादी दुकानातल्या जाहिरातीच्या यादीपेक्षा फार वेगळी होती. पट्ट्याचं टोक शिवणीत नुसतं खोचलेलं नको. ते पाठीच्या आतल्या कडक फळीवर किंवा जाड पट्टीवर किमान ४-५ सेंमी वर चढलेलं हवं, त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप किंवा एकाखाली एक दोन-तीन बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट मारलेल्या आखूड टिपा. २५ मिमीची चांगली नायलॉन पट्टी शेकडो किलोंचा ताण घेते आणि टेक्स ७० जाडीचा बाँडेड (लेप देऊन घट्ट केलेला) नायलॉन दोरा एकेरी साधारण ५ किलोला तुटतो. चाळीसेक टाक्यांचा बारटॅक म्हणजे काय ते यावरून कळेल. पट्टीला दोष देण्यात अर्थ नसतो, ती कशाला आणि किती लांबीत शिवली आहे तेवढंच पाहायचं.

टाके दाट म्हणजे शिवण मजबूत, हाही एक गैरसमज. जाड कापडाला इंचात सात ते नऊ टाके पुरतात. बारा-चौदा झाले, की सुईच्या भोकांनी कापड टपाल तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि त्याच रेषेवर फाटतं.

कापडाबाबत निर्णय सोपा होता. अंगाला ४२० ते ५०० डेनियरचं नायलॉन पुरे, तळाला १,००० च्या आसपास. घासट सोसण्यात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा सरस, ऊन सोसण्यात आणि पाणी कमी पिण्यात पॉलिएस्टर बरं. ‘१६८०डी’ असा ठसठशीत आकडा लावलेल्या बॅगांपासून मात्र सावध राहावं. हा आकडा दणकट विणीच्या बॅलिस्टिक नायलॉनलाही लागतो आणि साध्या पॉलिएस्टरलाही, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेबलवर धाग्याचं नाव नसेल, फक्त आकडा असेल, तर ते पॉलिएस्टर समजून चालावं. शिवाय असल्या कापडाने बॅग अर्धा-पाऊण किलोने जड होते, आणि ते वजन रोज पाठीवर असतं.

मुख्य चेन १० क्रमांकाची कॉइल, खिशांना ५ क्रमांक चालेल. हा क्रमांक म्हणजे लागलेल्या दातांची ढोबळमानाने मिलिमीटरमधली रुंदी. चेनचा रस्ता काटकोनात वळलेला नको. रनर सगळ्यात जास्त वळणावर झिजतो, तिथे किमान चहाच्या कपाएवढी गोलाई हवी. रबरी दिसणाऱ्या ‘पाणीरोधक’ चेनचा आग्रह धरला नाही. ती शिंतोडे अडवते, पण रनर जिथे थांबतो त्या फटीतून पाणी जातंच, ओढायला जड असते आणि वळणावर तिचा थर सोलला जातो. चेनवर कापडाची झाकण-पट्टी आणि वरून वेगळं पावसाळी कव्हर, हे जुनं तंत्र जास्त भरवशाचं.

मापाची अट लेन्सने घातली. २००-६०० ही ३१८ मिमी लांब आणि १११.५ मिमी जाड, कॅमेरा लावून सुमारे ३९ सेंमी. म्हणजे आतली सरळ लांबी ४२ सेंमी हवी. दुसऱ्या टोकाला विमानाची अट. केबिन बॅगेसाठी ५५ × ४० × २० ते ५६ × ४५ × २५ सेंमीच्या दरम्यानची मापं आढळतात आणि बऱ्याच कंपन्या वजन ७ किलोवर अडवतात. साधनंच ६.८ किलोची असताना ७ किलोत बसणं शक्यच नव्हतं. तोडगा असा: एक कॅमेरा २४-७० लावून गळ्यात, चार्जर आणि कॉलर मोठ्या बॅगेत, जादा बॅटऱ्या मात्र सोबतच. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला मनाई आहे. १०० वॉट-तासांपर्यंतच्या केबिनमध्ये चालतात आणि ही बॅटरी १६.४ वॉट-तासांची आहे. बॅटऱ्यांची टोकं उघडी राहू नयेत म्हणून प्रत्येक बॅटरी टोपीत. एवढं करूनही रिकामी बॅग दोन किलोच्या आत असली तरच गणित जेमतेम जुळत होतं.

चार बॅगा, तीन नापास

पहिली होती नेहमीची चौकोनी फोटो-बॅग, पुढून उघडणारी, जाड कापडाची. आतून उलटी करून पाहिली तर पट्टे जुन्या बॅगेसारखेच शिवणीत खोचलेले. दुसरा दोष असा, की पुढून उघडणारी बॅग पाठीच्या बाजूवर आडवी ठेवावी लागते आणि चिखल लागलेले पट्टे मग खांद्यावर येतात. पाठीच्या बाजूने उघडणारी असेल तर चिखल पुढच्या अंगालाच राहतो. ती नापास.

दुसरी, कडक प्लास्टिकची पेटी. होडीसाठी, पाठवणीसाठी याहून सुरक्षित काही नाही, पण रिकामीच चार-पाच किलो आणि ती घेऊन पाच किलोमीटर चालणार कोण? विषय तिथेच संपला.

तिसरी मोहात पाडणारी होती: टीपीयू (उष्णतेने वितळणारं लवचीक प्लास्टिक) लेपाचं कापड, शिवणीऐवजी वितळवून जोडलेले सांधे, वरून गुंडाळून बंद होणारी. पाण्याचा थेंब आत जात नाही. मात्र आतला ओलावाही बाहेर जात नाही. दवात भिजलेला फोम आणि लेन्स एकत्र बंद राहिले, तर बुरशीला याहून चांगली जागा नाही. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की लेन्सच्या काचेवर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. शिवाय समोर पक्षी आलाय आणि तोंड तीन वेळा उलगडायचंय, हे चालण्यासारखं नव्हतं. होडीपुरती एक पातळ गुंडाळी-पिशवी सोबत ठेवायची, त्यात आतला कॅमेरा-कप्पा बसवायचा, असं ठरलं.

चौथी म्हणजे आत सांगाडा असलेली ट्रेकिंग धाटणीची ४०-४५ लिटरची बॅग, पाठीच्या बाजूने उघडणारी, त्यात सुटा निघणारा फोमचा कॅमेरा-कप्पा. अंग ४२० डेनियर नायलॉन, तळ दुपदरी, १० क्रमांकाची चेन. सांगाडा, पट्टे आणि कप्पा मिळून १.९ किलो. कागदावर हिचं कापड पहिल्या बॅगेपेक्षा बरंच पातळ. हीच घेतली.

घेण्याआधी तिची परीक्षा दुकानातच झाली आणि ती कोणालाही करता येईल. बॅग पूर्ण रिकामी करून हात आत घालायचा आणि पट्ट्याच्या टोकामागची जागा बोटाने चाचपायची. बारटॅकचा खडबडीत उंचवटा लागला पाहिजे. मग एक पट्टा पायाखाली, बॅगेचं हँडल हातात, आणि कंबर सरळ ठेवून दहा-बारा वेळा दणकून ओढायचं. शिवणीची भोकं उजेडाकडे धरून पाहायची. चेन बॅग ठासून भरलेली असताना एका हाताने वळणावरून फिरवायची. रिकाम्या बॅगेची चेन सगळ्यांचीच छान चालते. तळाचा फोम अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दहा सेकंद दाबून सोडायचा. खड्डा लगेच भरला तर फोम चांगला, खळगा रेंगाळला तर लवकर बसणार. शेवटी स्वतःची साधनं किंवा तेवढंच वजन भरून वीस मिनिटं चालायचं आणि दोन मजले चढायचे. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच बॅगा आरामदायक वाटतात.

खांद्यांवरून वजन उतरवायचं काम कमरेच्या पट्ट्याचं, आणि तो बसण्यासाठी पाठीचं माप जुळावं लागतं. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड ठळक लागतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचं अंतर म्हणजे ते माप. इथे ते ४४ सेंमी आलं. कमरपट्टा हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. खांद्याच्या वरचे ओढ-पट्टे मागे ३० ते ४५ अंशांत जायला हवेत. आडवे जात असतील तर बॅग आखूड आहे. जड लेन्स पाठीला चिकटून, साधारण खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. पाणी आणि रेनकोट पुढच्या अंगाला. जड वस्तू पाठीपासून १० सेंमी जरी लांब गेली, तरी बॅग मागे ओढते आणि माणूस नकळत पुढे वाकून चालू लागतो.

घेतल्यानंतरची डागडुजी

बॅग विकत घेतल्यावर जशीच्या तशी वापरली नाही. कॅमेरा-कप्प्याखाली १० मिमीचा बंद छिद्रांचा फोम कापून टाकला, कोपऱ्यांना दुहेरी. हे वजनाला नगण्य आणि या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त काम. कप्पा बॅगेत हलत होता, म्हणून दोन बाजूंना वेल्क्रोच्या पट्ट्या शिवून घेतल्या. रनरची धातूची पुलरं काढून दोरीचे फास घातले, कारण धातूची किणकिण पक्ष्याला ऐकू जाते. पावसाळी कव्हरच्या तळाला भोक नव्हतं. पाठीवरून ओघळलेलं पाणी तिथे साचून बॅग डबक्यात बसल्यासारखी होते. तापवलेल्या खिळ्याने ५ मिमीचं भोक पाडलं. कडा वितळून आपोआप बंद झाल्या.

सवयी दोन बदलल्या. चालताना २००-६०० कॅमेऱ्याला जोडून चालेल, पण जीप आणि होडीत चढण्यापूर्वी ती सुटी करायची, दोन्ही टोकांना टोप्या लावून. आणि परत आल्यावर बॅग सगळ्या चेना उघड्या टाकून, कप्पा बाहेर काढून, सावलीत वाऱ्यावर चोवीस तास. लेन्स बॅगेत मुक्कामाला नाहीत.

चौदा महिन्यांनी

सांध्यांची भोकं गोलच आहेत. तळाच्या कापडावर घासट दिसते, छिद्र नाही. कापडावरचं पाणी घरंगळवणारं बाहेरचं आवरण खांद्यांच्या जागी गेलंय, तिथे कापड पाणी पिऊन काळपट दिसतं. आतला लेप शाबूत असल्यामुळे झिरपत नाही, पण भिजलेलं कापड जड होतं. फवारा मारून ते पुन्हा आणता येतं, त्याआधी बॅग साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर फवारा मळावरच बसतो. कप्प्याच्या पडद्यांचे वेल्क्रो केसाळ झाले होते. सुईच्या टोकाने तंतू उपसले, पकड परत आली.

मोडलं ते एकच: कमरपट्ट्याचं बकल, जीपच्या दारात चेंगरून. एक पातं तुटलं. बकल शिवलेलं असल्यामुळे ते बदलायला शिवण उसवावी लागली, आणि ही गोष्ट दुकानातच पाहायची राहून गेली होती. काही बकलांच्या दांड्याला चीर असते, त्यातून पट्टी सरकवून न उसवता बदलता येतं. आता तसंच बसवलंय. जुन्या बॅगेतून कामाच्या निघाल्या त्या चार पट्ट्या आणि तीन बकलं, ती सुट्या भागांच्या डब्यात आहेत. तिचे फोमचे पडदेही चांगले दिसत होते, पण लेपाचे पापुद्रे त्यांनाही चिकटलेले होते आणि लेन्स बदलताना ते सेन्सरवर जाऊन बसले असते, म्हणून टाकून दिले.